सातची हजेरी

१६ मे १९७३

प्रिय धुळा,

तुझी कारभारीण बनाबाई गेल्याची तार तुला मीच केली होती. त्या तारेत एक गोष्ट घातली नाही. ती आता लिहायला बसलोय.

माण तालुक्यात यंदाही पाणी नाही. गिरणी तीन महिने बंद आहे. दळायला दाणाच नाही, तर पट्टा फिरवून काय करू? सांगलीहून तिचं इंजिन आणलं तेव्हा तू उघड्या अंगानं गाडीमागं धावत होतास. पुढं साताऱ्याला भरतीसाठी तुला मीच नेलं. तुझी छाती अर्धा इंच कमी भरली, तर साहेबाशी हुज्जत घातली. ब्रह्मदेशाच्या लढाईतून आलो, गिरणी घातली, सरपंच झालो, पण पलटणीची शिस्त अंगातनं गेली नाही. लोक म्हणायचे, सुभेदार झोपेतबी सलाम ठोकतोय. मला त्याचा लय अभिमान होता. जळो तो अभिमान!

तलावाच्या दुष्काळी कामावर देखरेख माझीच. सातला हजेरी. पाच मिनिटं उशीर झाला तरी माणूस मागं धाडायचा, मग सख्खा भाऊ का असेना. त्या दिवशी बनाबाई साडेसातला आली. मी नुसतं घड्याळ दाखवलं. ती पदर सावरून वळली. उशीर का झाला, एवढंही मी विचारलं नाही रं! तशीच ती उन्हातनं तीन कोसांवरच्या दुसऱ्या कामाकडं निघाली आणि वाटेतच पडली.

मागनं तुझ्या आईकडनं कळलं. पाण्याचा टँकर तुमच्या वस्तीवर सातलाच येतो. त्या माउलीला आता रांगेत उभं राहवत नाही, म्हणून बनाबाई हंडे भरून मग कामावर आली. टँकरची वेळ कोणी ठरवली? मी. हजेरीची? तीही मीच. दोन्ही कागदांवर माझी सही आहे.

गावात मी तोंड मिटून राहिलो. तुझी आई अजून मला देवमाणूस म्हणते. तुलाही कळवलं नसतं, खरं सांगतो, भ्यालो होतो. पण काल तुझं पत्र आलं. लिहिलंयस, 'नाना, तुमी हुता म्हणून तिची माती तरी नीट झाली.' नाही गड्या. मी होतो म्हणूनच ती गेली.

तुझाच म्हणू का नको,
नानासो