कुठल्या बँकेत?

औंढे, लोणावळा
रविवार

प्रिय पायल,

सप्रेम जयभीम.

पाकीट बघून दचकू नकोस. इथे कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण मी दोन वाक्यं बोललो की तुला मीटिंग लागते. पत्र मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. ते तू करणार नाहीस एवढा भरवसा अजून आहे.

आधी आईची खबर देतो, कारण तिची खबर मजेची आहे. महिनाभर आमच्या घराचा नुसता विमानतळ झालाय. इंद्रायणी तांदूळ पाखडून, निवडून पिशवीत भरलाय. तिकडे उतरल्यावर तांदूळ काढून घेतात असं मी म्हटलं, तर म्हणाली, "घेत्यात कसं? आपल्या वावरातला हाय त्यो." तुझ्या स्वराजसाठी स्वेटर विणलाय, तो एव्हाना त्याला लहान झाला असेल. आणि मुख्य म्हणजे तुंगार्लीच्या बंगल्यांची कामं तिने सोडली. इतकी वर्षं शनिवार-रविवार आला की ती तिथे फरशा पुसायला आणि पाहुण्यांची खरकटी काढायला जायची. तुझ्या होस्टेलची फी त्यातूनच जायची, हे तुला मी सांगायला नको. शेवटच्या दिवशी मालकिणीला ती म्हणाली, "दुसरी बाई बगा, मी लेकीकडं आस्ट्रेलियाला चाल्ले." घरी येऊन हे वाक्य तिने मला इतक्यांदा ऐकवलं की माझंही पाठ झालं.

आता माझं. माझ्या वयाच्या माणसाला तिकडे यायच्या वाटा किती आणि त्या कुठे कुठे बंद होतात, हे तूच मला शिकवलंस. पहिली वाट हातात कसब असलेल्यांची. तिकडेही रेल्वे आहे, इंजिनावर माणसं लागतात, पण ती पंचेचाळिशीच्या आतली. मी सत्तावन्नचा. ज्या वयात घाट खरा हाताखाली येतो, त्या वयात त्यांच्या लेखी माणूस भंगारात. दुसरी वाट आईबापांची. तिथे अशी रांग की नंबर यायला पंचवीस-तीस वर्षं. त्यावर तुझी आई म्हणाली, "तवर स्वराजच आजोबा व्हईल." पैसे भरून पुढे जायची सोय आहे म्हणे, पण तो आकडा ऐकल्यावर आपण सगळ्यांनी हवापाण्याचा विषय काढला. तिसरी वाट पाहुण्याची. जा, नातू बघा, परत या. राहता राहिली चौथी. तिथल्या कंपनीने कामाला बोलावलं तर काही वर्षांचा व्हिसा मिळतो आणि त्याला वयाची अट नाही. सुरजरावांच्या ओळखीचे कुणी आहेत, त्यांना ऑफिसात माणूस हवाय, बाकीचं मी बघते, असं तू म्हणालीस. मला वाटलं, तिथल्या एखाद्या रेल्वेचं ऑफिस असेल. लेक बघते म्हणतेय म्हणजे बघत असेल. मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाकला. साहेब म्हणाले, "प्रदीप, तीन वर्षं राहिलीत, कशाला घाई?" मी म्हटलं, लेकीने बोलावलंय.

तुला आठवतं का, तू शाळेत असताना लोणावळा स्टेशनच्या पुलावर उभी राहून माझी वाट बघायचीस? कर्जतला गाडीच्या शेपटाला आमची इंजिनं जोडायची, घाट चढेपर्यंत मागून ढकलायचं, लोणावळ्याला कपलिंग सोडायचं. गाडी पुण्याकडे निघून जायची आणि आम्ही परत खाली, दुसरी गाडी ढकलायला. या मागच्या इंजिनाला रेल्वेत बँकर म्हणतात, हा शब्द तू बोबडी बोलायचीस तेव्हापासूनचा तुझ्या ओळखीचा. बँकरवाल्याला पुढचा रस्ता दिसत नाही, सिग्नल दिसत नाही. समोर दिसतो तो फक्त शेवटच्या डब्याचा पत्रा. पुढचा ड्रायव्हर सांगेल तेव्हा जोर लावायचा, थांब म्हणेल तेव्हा थांबायचं. तू एकदा रडवेली होऊन घरी आलीस. वर्गात तू सांगितलंस, माझे पप्पा गाडी मागून ढकलतात, आणि पोरं हसली. "पप्पा, तुम्ही पुढे का नाही बसत?" असं तू विचारलंस. तेव्हा तुझे आजोबा अंगणात बसले होते. भिकाजी गँगमन, ज्यांचा जन्म त्याच घाटात रुळाच्या कडेने हातोडा घेऊन चालण्यात गेला. ते म्हणाले, "बाय, ह्यो मागं हाय म्हनून ती म्होरं हायेत." तू डोळे पुसलेस आणि हसलीस. मला वाटलं, पोरीला समजलं.

तुझ्या लग्नात सुरजरावांचे वडील मांडवात माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही बँकर ना? पायलने सांगितलंय." मी छाती फुगवून म्हटलं, हो, जन्म गेला बँकरवर. ते म्हणाले, "आमच्याकडेही सगळे बँकेतलेच." मला काही ते नीट कळलं नाही. डीजेचा दणदणाट चालला होता. मी घरी येऊन आईला सांगितलं, अगं, तिच्या सासरीपण आपल्याच लायनीतली माणसं आहेत. किती हसला असाल ना तुम्ही नंतर? की तू एकटीच घाबरून बसली होतीस?

मग दिवाळीच्या सुमाराचा तो व्हिडिओ कॉल. स्वराजने त्याचा मातीचा गल्ला कॅमेऱ्यासमोर धरून खुळखुळवला आणि त्याच्या त्या मोडक्या-तोडक्या मराठीत विचारलं, आबा, तुम्ही बँकेत सगळ्यांचे पैसे ठेवायचे ना, माझे पण ठेवा. मी हसून म्हटलं, अरे बाळा, आबा बँकेत नाही, आबा... आणि तू फोन ओढून घेतलास. नेट गेलं म्हणालीस. मी लेकराचं बोलणं म्हणून सोडून दिलं. म्हातारपणी माणूस बरंच काही सोडून देतो, त्यातलंच ते.

गेल्या आठवड्यात वाकडच्या त्या व्हिसाच्या ऑफिसात गेलो. तिथली रेणुका नावाची मुलगी चांगली आहे, चहा दिला. कागद पुढे ओढून म्हणाली, "काका, बँकर लिहिलंय, पण बँकेचं नाव राहिलंय. कुठल्या बँकेत?" मला हसू फुटलं. मी तिला सगळा घाट उलगडून सांगितला, कर्जत, पळसदरी, मंकी हिल, बोगदे, शेवटचा डबा. म्हटलं, पोरी, गंमत बघ, लेकीने बँकर लिहिलं आणि तुम्ही मला बँकेत बसवलंत. ती हसली नाही. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. तुझा मेल होता. वडील बँकेत अधिकारी, कर्ज विभागात, अनुभवाचं सर्टिफिकेट मागाहून पाठवते. कर्ज विभाग, पायल! चूक कुणाची होत नाही? बँकर लिहिलं ही चूक समजली असती. पण चुकीला विभाग नसतो.

त्या रात्री तुझा फोन आला. मी काही विचारायच्या आत तूच बोलत सुटलीस. तसंच राहू द्या पप्पा, एवढी वर्षं तसंच चाललंय. सुरजच्या घरी पहिल्यापासून तेच माहीत आहे. त्या कंपनीला हिशेबाचाच माणूस हवाय. सर्टिफिकेट एक ओळखीचा देईल, तुम्ही फक्त सही करा, आणि महिन्याभराने रेणुकाचा फोन येईल तेव्हा बँकेत होतो म्हणा. एक वाक्य, पप्पा. तुम्हाला आमच्याजवळ यायचंय की नाही?

यायचंय गं. तूच सांग, कुणाला नको असेल? पण आम्ही ड्युटीवर चढायच्या आधी रोज नळीत फुंकर मारतो, दारू प्यालेला नाही हे दाखवायला. जन्मभर रोज तपासून घेतलेला माणूस मी. उद्या तिकडे खुर्चीत बसून कर्जाच्या फाइली चाळू, की स्वराजला खोट्या बँकेच्या गोष्टी सांगू? आणि तुझ्या सासऱ्यांनी व्याज विचारलं तर काय सांगू, घाटाचा चढ? मला पकडतील याची भीती नाही. पकडलं नाही तर काय, याची आहे. मग मरेपर्यंत तुझ्या घरात मी दुसऱ्याच कुणाचा तरी बाप म्हणून राहायचं.

गरज सरो, वैद्य मरो, हे मी जगात पुष्कळ पाहिलंय. लोणावळ्याला कपलिंग सुटलं की मागे वळून कुणी बँकरला हात करत नाही. त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. गाडी पुढे जावी म्हणूनच तर ढकलायची. पण वर पोचलेल्या गाडीने, माझ्या मागे कुणी नव्हतंच, म्हणावं? तू तर त्याहून पुढे गेलीस. मागे होतं ते दुसरंच काहीतरी होतं, असं सांगितलंस. मला राग आलाय, पायल. लपवत नाही. तुझे आजोबा असते तर काय म्हणाले असते हे मी तुला लिहिणार नाही, ते तुला ठाऊक आहे.

काल ऑफिसात जाऊन मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मागे घेतला. मंजूर व्हायचा होता म्हणून वाचलो. साहेबांनी नुसतं रजिस्टर पुढे केलं. रेणुकाचा फोन आला की तिला सांगणार आहे की मी रेल्वेत इंजिन चालवतो, आणि या कागदावर माझी सही होणार नाही. तुला तोंड लपवावं लागू नये म्हणून आधी कळवतोय. सासरी तू स्वतः सांगितलंस तर बरं, नाही सांगितलंस तरी मी चुगली करायला येणार नाही. ऑस्ट्रेलियात राहायला यायचा रस्ता माझ्यापुरता बंद झाला.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. एवढं तर फोनवर, तुझ्या दोन मीटिंगांच्या मध्येसुद्धा उरकलं असतं. मी आईला सगळं सांगितलं तेव्हा आधी ती माझ्यावरच उखडली. "म्हना की बँकेत व्हतो! जीभ झडती का तुमची? लेकराला बगायला मिळंल." संध्याकाळी तांदळाची ती पिशवी सोडली, डब्यात परत ओतली, आणि ओतता ओतता मधेच थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला तिनं बँकेत घातलं. मग मला कुटं घातलं आसंल वं?" मी म्हटलं, तुझं काय, तू आई आहेस. "न्हाई," म्हणाली, "आई काय करती, आसं इचारलं आसंल की कुनीतरी. काय सांगितलं आसंल तिनं?" कालपासून ती जेवताना, झोपताना तेच विचारतेय. बंगल्यावर पुन्हा कामाला जाऊ का, हेही त्यातच विचारते. माझं जाऊ दे, मला बँकेत तरी बसवलंस. आईला तिकडे काय केलंस, तेवढं तिला कळव. तिला वाचता येत नाही, म्हणून फोन कर, आणि तिच्याशीच बोल.

तुझाच,
पप्पा
(लोणावळ्याचा बँकरवाला)