शाळेच्या भिंतीवरची यादी

कोक-बेल, १२ डिसेंबर २००५

चि. सायरास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने काल आणून दिलं. चार दिवसांच्या प्रवासात कोपरे चुरगळले होते, पण अक्षर तुझंच, डावीकडे कललेलं. इथे गुडघाभर बर्फ आहे. माझी तब्येत बरी आहे, खोकला आहे तो आहेच.

शाळेत यंदा त्रेसष्ट मुलं आहेत, पहिली ते चौथी. त्यांतली एकोणीस आजी-आजोबांकडे राहतात. आईबाप तुमच्या मॉस्कोत, नाहीतर आणखी दूर कुठेतरी. एकोणतीस तारखेपासून सुट्टी लागते. एरवी मुलांना दुपारी गरम पाव आणि चहा तरी मिळतो, सुट्टीत तोही बंद. म्हणून मी ठरवलंय, एका वर्गातली शेगडी सुट्टीभर पेटती ठेवायची. ज्याच्या घरी मेजवानी असेल, त्याने पाहुण्यांना घरी न्यायला केशिक बांधून देतो तसं एक शाळेच्या नावाने बांधायचं. भिंतीवरच्या वार्तापत्रात तसं लिहिलं, तर आमची शिपाईण झुऊरा म्हणते, एजे, लोक नुसती हाडं पाठवतील. मी म्हटलं पाठवू देत, हाडांचा रस्सा होतो.

वार्तापत्र अजून चालू आहे बरं का. दर सोमवारी मोठ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दाराशी लावते, अठ्ठावीस वर्षं झाली. गावात दुसरं वर्तमानपत्र येत नाही. आता कुणाची मेंढी हरवली तरी लोक म्हणतात, कालिपा-एजेला सांगा, ती लावेल भिंतीवर. तुझी थोरली बहीण आता सगळ्या गावाची एजे झाली आहे.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. जिल्ह्याच्या कचेरीतून नववर्षासाठी अनाथ मुलांना दाबलेल्या लोकरीचे, नमद्याचे बूट, कोळशाची दोन पोती आणि मिठाईची पिशवी मिळणार आहे. दुसरीतली बुरुल, उर्कुया म्हातारीची नात, तिच्या बुटातून अंगठा बाहेर येतो. बाप दुसरा संसार मांडून बसला. आई गुलसून मॉस्कोला गेली, तिचा सप्टेंबरपासून निरोप नाही. मी यादीत बुरुलचं नाव घातलं आणि आईच्या रकान्यात रेघ ओढली. खोटं आहे, ठाऊक आहे मला. पण पोरीचा पाय खरा आहे.

उबेत राहा. थंडीने माझ्यावरची माया आखडू देऊ नकोस.

तुझी एजे,
कालिपा

*

मॉस्को, १९ डिसेंबर

ती. कालिपा-एजेस सायराचा शि. सा. न. वि. वि.

तू आणि खोटं! लहानपणी मी तुझ्या वहीचं एक पान फाडून होडी केली आणि नाव शेजारच्या नाझगुलचं घेतलं, तर तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. आता तुझ्याशी कोण अबोला धरणार? मीच धरला असता, पण मग मला पत्र कोण लिहील?

मात्र ती रेघ मला आवडली नाही. जिवंत माणसावर रेघ ओढू नये, आई म्हणायची. तुला पटणार नाही, तू शिकलेली.

मी अजून त्याच शाळेच्या भटारखान्यात आहे. चारशे मुलं जेवतात. सगळी मला मावशी म्हणतात, नाव कुणालाच माहीत नाही. उरलेलं अन्न आम्ही बायका डब्यात घालून आणतो. त्याला केशिक म्हणवत नाही, कारण कुणी ते हाताने बांधून देत नाही. खोलीत आम्ही सातजणी आहोत. मी कामावरून येते तेव्हा माझ्या खाटेवर दुसरी झोपलेली असते, ती उठली की तिची ऊब अंथरुणात असते. तेवढीच सोबत.

रविवारी बाजारात गेले होते, गुलसूनची चौकशी केली. कुणाला माहीत नाही. पण हे शहर असं आहे की इथे मलाही कुणी शोधू शकणार नाही, तेव्हा त्यावरून काही समजू नकोस.

खोकल्याला मेंढीची चरबी घालून दूध घे. आणि पत्र जरा लांब लिहीत जा, मी ते पुरवून पुरवून वाचते.

तुझीच,
सायरा

*

कोक-बेल, २४ डिसेंबर

चि. सायरास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण बस आजच निघते आहे म्हणून घाईने लिहिते. माझ्या हातून फार वाईट झालं.

कचेरीचे कागद मी एक अक्षर न बदलता उतरवते, ती माझी जुनी सवय. यादी मंजूर होऊन आली, ती सोमवारी तशीच वार्तापत्रात उतरवली, मथळ्यासकट: अनाथ विद्यार्थी. खाली पाच नावं. चौथं बुरुलचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने वाचलं.

बुधवारी दुपारी वरच्या आळीतल्या सहा बायका उर्कुयाच्या घराकडे निघाल्या. आपल्याकडे निघतात तशाच, वळणापासून हंबरडा फोडत. पुढे दोन पुरुष, माझ्या बहिणी गं, माझ्या बहिणी गं, करत. उर्कुया अंगणात गोवऱ्या गोळा करत होती. तिला वाटलं, शेजारी कुणी गेलं असेल. तीही डोक्याचा रुमाल सावरून रडणाऱ्यांना मिळायला निघाली. ते रडणं तिच्याच दारात येऊन थांबलं.

मी धावत गेले. ओरडून सांगितलं, की कुणी मेलेलं नाही, बुटांसाठी मी नाव घातलं, माझी चूक आहे. पण तुला माहीत आहे ना, आपल्यात मरणाची बातमी घरच्यांना कुणी सरळ सांगत नाही. आधी म्हणतात आजारी आहे, मग म्हणतात पत्ता लागत नाही, आणि मग एक दिवस गावातले म्हातारे येऊन बसतात. त्यामुळे मी जितकं नाही म्हणत गेले, तितकं त्यांना ते खरं वाटत गेलं. उर्कुया मला म्हणाली, की बाई, माझा नवरा गेला तेव्हाही तुम्ही सगळे असंच गोड बोलला होतात. चार महिने मला झुलवलंत ना, आता निदान माझ्या लेकीला कुठे पुरलं तेवढं तरी सांग.

मी नवा कागद लावला: यादी चुकीची आहे, बुरुलची आई हयात आहे. लोक तो वाचतात, मान हलवतात आणि म्हणतात, चांगली आहे बिचारी, पोरीसाठी लपवते.

बुरुल रडली नाही. काल बूट आले. तिने ते पायात न घालता माझ्या टेबलावर आणून ठेवले. म्हणाली, एजे, मी हे घेतले नाहीत तर ती मेलेली नसेल ना? मी तिला जवळ घ्यायला गेले तर मागे सरली. मी खोटं बोलते असं तिला वाटतं, आणि ते मी कसं नाकारू? सुट्टीत शेगडीपाशी बाकीची येतील, ही येणार नाही. घरात दोघी काळ्या चहावर बसून आहेत. रोज जास्तच गप्प होत चालली आहे. लहान माणूस इतकं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नाही.

आता गुलसूनचा आवाज हवा, सायरा. पत्र पुरणार नाही. पत्र काय, कालिपाही लिहील, असं म्हणतील. तिला शोध. तुझ्याशिवाय तिथे माझं कुणी नाही.

काळजीत असलेली,
एजे

*

मॉस्को, २ जानेवारी २००६

ती. एजेस शि. सा. न. वि. वि.

सापडली. आधी हे वाच आणि पाणी पी.

तीन दिवस सुट्टी होती. ओळखीतल्या ओळखीतून माग काढत एका तळघरात पोचले. वीस मशिनं, खिडकी नाही. गुलसून तिथे गाद्यांच्या खोळी शिवते. तिचे कागद हरवलेत, म्हणून बाहेर पडत नाही, तिथेच निजते. चार महिने एक ओळ का लिहिली नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, सायरा-एजे, पाठवायला काही नव्हतं, नुसतं पत्र कसं पाठवू, हात हलवत कुणी घरी जातं का? मी म्हटलं, बये, तुझ्यासाठी गावात रडूनही झालं, दोन पुरुष पुढे होते. त्यावर ती हसली. इतकी हसली, की मशिनवरच्या बायका वळून बघायला लागल्या. मग म्हणाली, कोण कोण आलं होतं? मी म्हटलं, वरच्या आळीतल्या सहाजणी. ती म्हणाली, इथे मेले असते तर एकही नसती आली.

फोन करायला आधी तयारच होईना. लेकीला काय सांगू म्हणते. मी म्हटलं, काही सांगू नकोस, नुसती खोक, तेवढंही पुरेल. शेवटी कबूल झाली. सोमवारी, ९ तारखेला, तुमच्या दुपारी तीन वाजता गावच्या पोस्टात फोन येईल. मी तिचा हात धरून उभी राहीन.

तुझ्या चुकीबद्दल मी काही बोलणार नाही. तू स्वतःला पुरेसं बोललीच असशील.

माया आहे तितकीच असू दे,
सायरा

*

कोक-बेल, १० जानेवारी

चि. सायरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोस्टात अर्धं गाव जमलं होतं. रडायला आलेल्या सहाही बायका सर्वांत पुढे; आम्ही फुकट रडलो का, ते बघायचंय म्हणाल्या. पावणेतीनलाच पोस्टमास्तरने सगळ्यांना गप्प बसवलं, जणू फोन लाजून येणार नाही.

आधी उर्कुयाने घेतला. तिने लगेच विश्वास ठेवला नाही. विचारलं, तुझ्या लग्नाच्या दिवशी काय पडत होतं, पाऊस की बर्फ? पलीकडून काहीतरी उत्तर आलं. म्हातारी भिंतीला टेकली, आणि मग एकदम ओरडली, गारा पडत होत्या, हो, गाराच! अगं भवाने, जिवंत आहेस तर लिहायला काय हात झडले होते तुझे? सगळे हसले, आणि हसता हसता बायकांनी डोळे पुसले. मीही.

मग बुरुलने घेतला. दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडे गुलसून बोलत होती, रडतही असावी. तू जवळच होतीस, तुला ठाऊक. पोरगी नुसती ऐकत होती. आम्हाला वाटलं, आता रडेल आणि मोकळी होईल. ती शांतपणे म्हणाली, तू मेली नाहीस, तर मग येत का नाहीस?

कुणी हसलं नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. बुरुल आणखी थोडा वेळ कान लावून उभी राहिली, मग तिने फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला तेव्हा तो बंद होता.

आज ती शेगडीपाशी आली. रस्सा दोन वाट्या प्यायली, कणकेचे तळलेले बोर्सोक खिशात भरले, एक आजीसाठी वेगळा ठेवला. आई आहे म्हटल्यावर कचेरीने बूट आणि कोळसा परत मागितले, ते मी पाठवून दिले. झुऊराने आपल्या मुलाचे जुने बूट दिले, दोन बोटं मोठे आहेत, पुढे कापूस कोंबलाय. माझ्या वर्गात ती बोलते आहे, पण पूर्वीसारखी नाही. आई गेली असती तर तिला रडता आलं असतं, आणि गाव सोबत रडलंही असतं. आई आहे आणि येत नाही, याला रडायला कुणी वळणावरून येत नाही.

उद्या शाळा सुरू. नवा कागद समोर आहे, काय लिहावं सुचत नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

माझा नवरा गेला तेव्हा तू आली होतीस, त्याला पाच वर्षं झाली. दर पत्रात मी तुला मुलांची संख्या कळवते, बर्फ कळवते, खोकला कळवते. मला वाटायचं, विचारलं तर तुझं ओझं वाढेल, शिवाय मी मोठी, मी कसं विचारू? आठ वर्षांच्या पोरीला जे अर्ध्या गावासमोर जमलं, ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कागदावरही जमेना.

सायरा, तू येत का नाहीस?

कारण लिहू नकोस. तारीख लिही.

तुझी,
एजे