जीपमध्ये आप्पा काय म्हणाले

आई, आज चर्चला, आपल्या देवळात, प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं तेव्हा ते माझ्या हातून कलंडलं, शेजारच्या बाईंनीच ते सावरलं आणि हळूच विचारलं, "बीपीची गोळी घेतली नाही का आज?" मी गोळी घेतली होती. तुला जाऊन पंचवीसएक वर्षं झाली, तू गेलीस त्या वयाची मी आता झाले, तरी महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की मला त्या ताटाची धास्ती वाटते. हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. ज्यांना थोडं सांगितलं ते पाळक साहेबही आता गेले.

आपली भवानीनगरची खोली मला रोज आठवते असं नाही, पण स्वयंपाकघर आठवतं. शनिवारी दुपारी तू काळी द्राक्षं उकळायचीस, फडक्यातून गाळायचीस, बाटलीत भरायचीस. हंगाम नसला की काळे मनुके भिजत घालायचीस. देवळातल्या प्याल्यांसाठी रस करायचं काम तुझ्याकडं होतं आणि त्याचा तुला केवढा मान वाटायचा. द्राक्षं आणायचे आप्पा. स्वतः तो रस कधी न प्यायलेला माणूस बागवाल्याशी घासाघीस न करता चांगलेच घड घेऊन यायचा. रविवारी स्कूटरवरून आपल्या दोघींना बारामतीला आणायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. आपण बाहेर आलो की विचारायचे, "काय, झालं का जेवन?" तू हो म्हणालीस की हसायचे. "एवढ्याशा तुकड्याला जेवन म्हणत्यात व्हय तुमच्यात?" तू रागवायची नाहीस. तुमचं इंदापूरला रजिस्टर लग्न झालं तेव्हा त्यांच्या मेंढरंवाल्या घराण्यानं वर्षभर तुम्हाला उंबरा चढू दिला नव्हता, आणि तुझ्या चर्चच्या मंडळीनंही तेवढेच दिवस तुला प्रभुभोजनापासून लांब ठेवलं होतं. दोन्हीकडची दारं पुढं उघडली. आप्पांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून तू प्रार्थना करायचीस, पण त्यांना कधी टोचून बोलली नाहीस. "देवाला घाई नाही," म्हणायचीस. आपल्याला वेळ भरपूर आहे असंच तुला वाटत होतं.

मग तो गळिताच्या हंगामातला दिवस. आप्पांना साखर कारखान्यातून सुट्टी होती, म्हणून ते सकाळीच शेतातल्या विहिरीवर पाण्याची मोटार लावायला गेले होते. तिथं छातीत कळ आली. तू बालवाडीत शिकवायला गेली होतीस. मी शेजारच्यांच्या जीपमध्ये मागं बसले आहे, आप्पांचं डोकं माझ्या मांडीवर आहे, पुढं उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन रस्ता अडवून चालले आहेत आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. कॅनॉलचा पूल ओलांडल्यावर आप्पांनी डोळे उघडले. म्हणाले, "मोटार चालूच ऱ्हायली बघ. कुणाला तरी बंद करायला सांग." मी बरं म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत. बारामतीत पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू एसटीनं मागून आलीस आणि पहिलं विचारलंस, "काय बोलले?" मी मोटारीचं सांगितलं. तू कपाळाला हात लावून तिथंच खाली बसलीस. चुलत्यांनी अग्नी दिला. तू एका बाजूला उभी होतीस, आणि तुझे ओठ हलत होते ते मी पाहिलं.

आपल्या देवळात बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, ते पुढच्या उन्हाळ्यात. मोठा आवाज, सफारी, कडक इस्त्री. उपासनेनंतर तू त्यांच्याजवळ गेलीस आणि मी तुझ्या मागं होते. तू विचारलंस, "ज्यानं बाप्तिस्मा घेतला नाही, पण ज्याचं मन चांगलं होतं, तो तिथं, स्वर्गात, असेल का?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "बाई, मनाच्या चांगलेपणानं कुणी आत जात नाही." एवढं बोलून ते पुढच्या माणसाशी बोलायला लागले. पुढच्या महिन्यात ताट आपल्या बाकावर आलं, तेव्हा तू तुकडा न उचलताच ते माझ्याकडं सरकवलंस. मला वाटलं, चुकून झालं. मग प्यालेही तसेच गेले. रस मात्र तू दर महिन्याला करत राहिलीस. मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, "कोरड्या घशानं नको बोलू, पाणी पी." मी लहान नव्हते, चोवीस वर्षांची होते, इंदापूरच्या शाळेत शिकवत होते. पण त्या दिवसापासून मला तुझी भीती वाटायला लागली. तू देवावर रुसली होतीस, आणि देवावर रुसलेल्या माणसाचं काय होतं हे तूच मला लहानपणी शिकवलं होतंस.

दोन वर्षांनी तुझ्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनचा उपयोग नाही असं सांगून डॉक्टरांनी आपल्याला घरी पाठवलं. तू भिंतीकडं तोंड करून पडून राहायचीस. म्हातारे पाळक साहेब एका दुपारी एसटीनं आले, घामाघूम, हातात ती छोट्या प्याल्यांची पेटी. मी चहा ठेवला. आतून मला तुमचं सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, ती पेटी उघडू नका."

"का बाई?"

"तुम्हीच सांगता ना, हे जेवण म्हणजे तिथल्या जेवणाची सुरुवात. एकच मेज आहे, इथून तिथवर. त्या मेजावर आमचे हे नसणार. मग मी इथं तरी कशाला बसू?"

साहेबांनी पेटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी तिथं जाऊन आलेलो नाही, बाई. कोण आहे, कोण नाही, मला ठाऊक नाही."

"त्या दुसऱ्या साहेबांना ठाऊक होतं."

"असेल. मला नाही."

चहा निवला तरी कुणी प्यायलं नाही. ते निघाले तेव्हा तू त्यांना म्हणालीस, आणि तुझा आवाज लहान मुलीसारखा झाला होता, "साहेब, मला मरायची भीती नाही वाटत. तिथं पोचून एकटीच असायची वाटते." मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. त्यांनी मला उपदेश केला नाही. "वाद घालू नकोस," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझे केस विंचरत होते. केस फार राहिलेच नव्हते. तुझं तोंड भिंतीकडंच होतं. आणि मी म्हणाले, "आई, आप्पा जीपमध्ये आणखी काही बोलले होते."

तू वळलीस. किती दिवसांनी वळलीस.

"काय?"

"प्रभूचं नाव घेतलं त्यांनी. म्हणाले, तुझ्या आईच्या देवाला सांग, मीबी येतो म्हणावं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"चुलते होते सगळे. अग्नी द्यायचा होता. भांडणं झाली असती."

आई, किती पटकन सुचलं मला! मेंढरंवाल्या घराची बोलीसुद्धा बरोबर जमली. तू माझ्याकडं एकटक पाहात राहिलीस. "एवढ्या हॉर्नमध्ये तुला नीट ऐकू आलं?" मी म्हणाले, "माझ्या मांडीवरच होतं ना डोकं." तू माझा हात धरलास, घट्ट, आणि म्हणालीस, "साहेबांना फोन कर."

मी एसटीडी बूथवरून फोन केला. साहेब त्याच दिवशी दुपारी आले. तुला उशी लावून बसवलं. तू भाकरीचा तुकडा तोंडात घेतलास, तो गिळायला तुला किती वेळ लागला. प्याला ओठांना लावलास आणि डोळे मिटून म्हणालीस, "आता भेटतील." मग साहेबांनी ताट माझ्यापुढं धरलं. अयोग्यपणे खाणारा स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, हे बायबलमधलं वचन मला पाठ होतं. तू पाहात होतीस. मी घेतलं. खोट्या जिभेवर तो तुकडा ठेवला आणि गिळला. तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, तू गेलीस, चेहरा एकदम शांत. बायका म्हणाल्या, असं मरण यावं.

तेव्हापासून मला स्वर्गाची भीती वाटते. माझ्या ओळखीच्या सगळ्यांना नरकाची वाटते, मला स्वर्गाची. स्वर्गच नसेल, तर मी तुला रिकाम्या अंधारात थाप मारून ढकललं. तो असेल, तर तू तिथं पोचलीस, पदर सावरून इकडंतिकडं पाहिलंस, आणि मग? कुणाकुणाला विचारलंस? की ते खरंच होते तिथं, आणि तू त्यांना माझ्या वाक्याबद्दल विचारलंस, आणि ते हसून म्हणाले, "मी कवा असं म्हनलो?" तिन्हीपैकी काहीही झालं असलं तरी मला तुझ्यासमोर यायचं आहे. मरण आलं की ते टळणार नाही.

साहेब फार थकल्यावर मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "ती भाकर तुझ्या शब्दावर टेकलेली नव्हती, पोरी." मी त्यांच्यासमोर रडले आणि मला बरं वाटलं, ते पुढचा रविवार येईपर्यंत. कारण मी त्यांनाही अर्धंच सांगितलं होतं. मी म्हणाले होते, आईची तळमळ बघवली नाही, तिच्यासाठी खोटं बोलले. त्यांनी ते मानलं, आणि पुष्कळ वर्षं मीही मानलं.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून इथं लिहिते. तुझ्यासाठी नव्हतं ते. मी दमले होते, आई. तुझी ती पाठ बघून, कपडे धुऊन, वास सोसून, इंदापूरची शाळा बुडवून दमले होते. तू समाधानानं जावीस असं मला वाटत होतंच. पण त्या सकाळी, केसांत फणी असताना, मला त्याहून जास्त एवढंच वाटत होतं की तू लवकर जावीस.