सातनंतरचं शून्य

१४ मे, रेवदंडा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, टाळतच होतो. ऑफिसांना एसी किती लागेल, याचा अंदाज मी संगणकावर काढतो. आमच्याच इमारतीत संध्याकाळी सातनंतर मी माणसं शून्य धरली, म्हणून एसी सातला बंद होतो. खिडक्या उघडत नाहीत.

आज सातनंतर विसरलेला डबा आणायला ऑफिसात परत गेलो, तर सफाईवाल्या सुमनताई जिन्यात बसलेल्या, घामाने निथळत. म्हणाल्या, "साहेब, तुमी गेलं की हवा पन जाते. काल माझ्यासंगं झाडणारी शेवंता चक्कर येऊन पडली."

मला माहीत नव्हतं, असं कसं म्हणू? रोज सकाळी टेबल पुसलेलं मिळतं. तरी शून्य लिहिलं. घरी येताना एसटीतही ते शून्यच दिसत राहिलं.

उद्या: सातनंतरही एसी हवा, चूक माझी होती, असं मॅनेजरांना लेखी देणे.