बावीस मैलांवर डावीकडे

प्रिय नोएल,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला सारशील अशी भीती आहे, म्हणून आधी तुझ्या सासऱ्याची, व्हर्नची खबर. तो बरा आहे. नव्या पायावर कोठारापर्यंत जातो आणि वाटेत दोनदा थांबून मला शिव्या घालतो. तुझा कर्टिस फोनवर म्हणाला, "आई, नोएल वर्षभर गाडीची किल्ली हातात घेत नाही. घेतली तर लगेच खाली ठेवते." एवढंच बोलला आणि मग बिलिंग्जच्या हवेबद्दल सांगत बसला. दोष देणं त्याला जमत नाही. ते माझं खातं.

पिकअपचे टायर संपले होते. गुरांसाठी मीठ पोचवायचं होतं आणि इथली चिकणमाती तुला माहीतच आहे, पाऊस पडला की चाकाला डोक्याएवढे गोळे चिकटतात. म्हणून मागच्या मंगळवारी ऑरिनच्या दुकानात गेले. मला स्वस्त हवे होते, पण फसवे नकोत. ऑरिननं तीन प्रकार काढले. एकाची नक्षी अशी खोल, की कोणीही भाळेल, पण बाजू पातळ. आपल्या माळावरचे धारदार दगड ती महिनाभरात फाडतील. मी अंगठ्यानं दाबून पाहिली तशी तो हसला, "बाई, टरबूज घेताय का?" शेवटी दहापदरी, मध्यम खाचांचे, गाडीबरोबर आले होते त्याच मापाचे घेतले. कंपनीचं नाव कोणी ऐकलेलं नाही, किंमत मात्र माझ्या पेन्शनला झेपणारी.

जुने उतरवताना ऑरिन म्हणाला, "या वेळी माप बरोबर घेतलंत. ते मोठे टायर मी नको म्हणत होतो, आठवतं?" आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मागवून न नेलेले चार टायर त्याच्याकडे पडले होते, एक माप मोठे, अर्ध्या किमतीत. तो म्हणाला होता, "मीटर खोटं बोलेल, कमी दाखवेल." मी त्याला फटकारलं होतं, "मला शर्यत नाही लावायची, चिखलातून बाहेर यायचंय." वेग कमी दाखवेल एवढंच मी समजले. पुढचा विचार केला नाही. बत्तीस वर्षं मी याच तालुक्यातल्या पोरांना वर्तुळाचा परीघ शिकवला, नोएल.

बुधवारी मीठ घेऊन वरच्या कुरणाकडे निघाले. गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीपाशी सवयीनं मैलांचा मीटर शून्यावर आणला. बावीस मैल झाले तेव्हा डावीकडे एक वाट दिसली. ती आपली नव्हती, कोरड्या विहिरीकडे उतरणारी जुनी वाट. आपलं वळण आलं तेव्हा मीटरवर चोवीस होते. मी इंजिन बंद केलं आणि आकडा पुन्हा एकदा वाचला.

तो बावीसचा आकडा माझाच. व्हर्नला आकडे लागत नाहीत, तो टेकडी बघून वळतो. पण गुरांच्या डॉक्टरला सांगायला काही हवं, म्हणून मीच मोजून फोनशेजारी लिहून ठेवला होता, त्या मोठ्या टायरांवर, म्हणजे खऱ्या चोवीस मैलांना बावीस म्हणणाऱ्या मीटरवर. ऑक्टोबरात वरच्या कुरणात व्हर्न चार चाकांच्या मोटरसायकलखाली अडकला, वॉकीटॉकीवरून तुला हाक मारली, तेव्हा मी शहरात होते. तू मला फोन केलास आणि मी तोऱ्यात सांगितलं, "जाळीपासून बावीस मैल, डावीकडे, इतकं सोपं आहे." तू तुझ्या गाडीनं निघालीस. तिचे टायर कंपनीचे, तिचा मीटर खरा. तू मोजून बावीसला वळलीस आणि विहिरीकडच्या त्या खोलगटात त्याला शोधण्यात तुझे दोन तास गेले. त्या दोन तासांत व्हर्नचा पाय गेला.

तू म्हणाली होतीस, "आर्डिथ, मी बरोबर बावीसलाच वळले." मी म्हणाले, "वळली असतीस तर पोचली असतीस." मग चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, तुला ऐकू जाईल असं म्हणाले, की शहरातल्या मुलींना समोरचा आकडाही वाचता येत नाही. तू कप धुवून ठेवलास आणि बाहेर गेलीस. ईस्टरनंतर तुम्ही दोघं घर सोडून बिलिंग्जला गेलात.

व्हर्नला मी त्याच दुपारी सांगितलं. तो मोजा चढवत होता. "म्हणजे टीचर, चाकानंच तुला नापास केलं," म्हणाला. मग हसला नाही. "पाय गेला तो गेला. पोरीला सांगितलंस?" नाही म्हटल्यावर तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. चाळीस वर्षांत तो माझ्यापासून असा उठून गेला नव्हता. रविवारी मी चर्चच्या त्याच तळघरात उभी राहिले आणि सगळं सांगितलं, टायरांच्या मापासकट. कोणीतरी केक पुढे केला, तो मी घेतला नाही.

कर्टिसनं आणखी एक सांगितलं होतं. गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सची जागा निघाली आहे, तुला हवी होती, पण गाडी चालवावी लागेल म्हणून तू अर्ज भरत नाहीस. मुदत येत्या शुक्रवारची. म्हणून हे पत्र आज टपालात टाकायला मी स्वतः निघाले आहे. चूक तुझ्या डोळ्यांची नव्हती, हातांचीही नव्हती. अर्ज भर. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. त्याला मुदत नाही.

तुझीच,
आर्डिथ