एका घरचा निरोप

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायला बसलं तर आधी काळी छत्री आठवते, मग तिच्या दांड्याला अडकवलेली कापडी पिशवी, आणि मग कुठे तुम्ही. आज मी तुमची आठवण मुद्दाम काढली आहे, कारण मी घाबरले आहे. परवा संध्याकाळी माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून मोबाइल वाजला की मी तो पालथा घालते. हे कोणाला सांगावं असं मनात आलं तेव्हा जिवंत माणसांतलं एकही नाव पुढे आलं नाही. आता मधली सुटी आहे, पोरं बाहेर खिचडी खात आहेत, आणि मी वर्गात बसून तुम्हाला लिहिते आहे.

मीही पहिलीलाच शिकवते. शाळा हिवरखेडच्या आपल्या शाळेपासून फार लांब नाही. फक्त पोरं आता बाई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. नवरा नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात आहे, सासर अमरावतीलाच. आठवडाभर मी तेल्हाऱ्यात खोली करून राहते आणि शनिवारी शाळा सुटली की बस धरते. पहिलीचे सुरुवातीचे महिने कसे असतात ते तुम्हाला काय सांगायचं! पोर घरातून गेलं की आईचा जीव टांगणीला. रडलं का, जेवलं का, कोणी मारलं का. तुम्ही त्यासाठी घरोघर जायचात. मी आवाज पाठवते. पालकांचा ग्रुप आहे, त्यावर रोज संध्याकाळी मी मोबाइलमध्ये बोलते: आज काय शिकवलं, उद्या काय आणायचं. लिहिलेलं वाचायला आयांना वेळ नसतो. निंदणाहून आल्यावर भाकरी थापता थापता त्या मोबाइल मोठ्यानं लावून ठेवतात. एका घरात लावला की शेजारच्या दोन घरांना ऐकू जातं. मला त्याची मोठी गंमत वाटायची. गावभर आपला आवाज, असं मी नवऱ्याला फुशारकीनं सांगितलंही होतं.

माझ्या वर्गात एक पोरगी आहे. तिच्या घरी झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला पिकतो. बडबडी, दात पडलेली, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाच्या गळ्यात घरचा हार घालून आली होती. ही पोरगी गाणं म्हणता म्हणता थांबते. डोळे उघडे, पापण्या थोड्या फडफडतात, टाळीसाठी उचललेले हात तसेच राहतात. मग जिथे सोडलं होतं तिथूनच गाणं पुढे सुरू करते, आणि तोवर बाकीचा वर्ग दोन ओळी पुढे गेलेला असतो. पोरं हसतात. तीही हसते, काय झालं ते न कळून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसणाऱ्या पोरांना गप्प केलं. कारण हे मी ओळखते. का ओळखते हे तुम्हाला माहीत होतं आणि माझ्या आईबाबांना. आता तुम्हीही नाही आणि ते दोघंही नाहीत.

आमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. आई चुलीजवळ बसून अंबाडीची भाजी निवडते आहे, मी तिच्या पाठीला टेकून बसले आहे, आणि दारात छत्री मिटल्याचा आवाज येतो. तुम्ही ओसरीतल्या खाटेवर बसत नाही. सरळ आत येता, पाटावर बसता, न विचारता सुपातली एक काडी उचलता आणि पानं खुडायला लागता.

"पोरगी हुशार हाय तुयी," तुम्ही म्हणता. "पन मदातच थांबते. तू कदी पाह्यलं काय?"

"आळशी हाय बाई. दोन रट्टे द्या तिले."

"रट्ट्यानं नाई जात हे. अकोल्याले दाखवा लागते."

आईचे हात थांबतात. तुमचे थांबत नाहीत. तुम्ही भाजीकडेच पाहत बोलता, म्हणजे आईला तुमच्याकडे पाहावं लागत नाही.

"फिट म्हनता काय तुमी? पोरीची जात हाय बाई. लगन कोन करीन हिच्याशी?"

"लगनाचं लगनात पाहू. आता डाक्तरले दाखव."

आई पुन्हा भाजी निवडायला लागते. मग म्हणते, "कोनाले सांगू नोका."

"आता मी तुया जावेच्या घरी जाऊन रायली," तुम्ही उठता उठता म्हणता. "तिले तिच्या पोराच्या नाकाचं सांगीन. भाजी चांगली निवड वं, माती रायते बुडाशी."

तुमची ती रीत मला फार उशिरा कळली. एखाद्या घरी सांगण्यासारखं काही असलं की तुम्ही त्या दिवशी अख्खी गल्ली फिरायचात. कोणाला पोराच्या नाकाचं, कोणाला पाढ्याचं, कोणाला नुसतंच 'बरं चाललं आहे' म्हणायचात. एकाच घरी गेलं की गल्ली विचारते, बाई काहून आल्या होत्या? सगळ्याच घरी गेलं की कोणी विचारत नाही. बाबांनी मला बियाणं आणायला म्हणून अकोल्याला नेलं. गोळ्या आई गुळात कुटून द्यायची. काही वर्षांनी ते थांबणं थांबलं, मग गोळ्याही थांबल्या, आणि गावात कोणाला पत्ता लागला नाही. लग्न ठरलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, त्यांना सांगायचं का. "गेलं ते गेलं. आता काहून उकरतं?" ती म्हणाली. मी उकरलं नाही. आजही उकरलेलं नाही.

तर परवा. त्या पोरीच्या आईला सांगायचं होतं. घरी जायला हवं होतं. शाळेची माहिती भरायची राहिली आहे, अंधार पडतो, अशी कारणं मी स्वतःलाच देत होते. खरं म्हणजे समोर बसून बोलायची माझी छाती झाली नाही. मोबाइलवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हे फार सोयीचं असतं. मी तिच्या एकटीसाठी आवाज भरला. पोरीचं नाव घेतलं, ती मधेच हरवल्यासारखी होते म्हणाले, हा फिटचाच एक प्रकार असतो, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. चांगलं समजावून, सावकाश बोलले. आणि रोजच्या सवयीनं माझा अंगठा वरच्या ग्रुपवर गेला.

लगेच लक्षात आलं. पुसायला गेले. घाईत 'सगळ्यांसाठी' पुसायच्या जागी 'फक्त माझ्यासाठी' दाबलं गेलं. माझ्या मोबाइलवरून ते नाहीसं झालं आणि बाकी सगळ्यांच्या मोबाइलवर राहिलं. बाई, माझा आवाज गावात घरोघर वाजत होता आणि तो बंद करणं माझ्या हातात नव्हतं. ग्रुपवरचं काढायचा अधिकार माझ्याशिवाय फक्त हेडसरांना आहे, आणि ते मोटारसायकलवर होते. मी फोन लावत राहिले, रिंग वाजत राहिली. खोलीत उभी राहून मी देवाचं नाव घेत होते आणि मध्येच सरांना शिव्या देत होते. शेवटी त्यांनी उचलला, रस्त्यात थांबून काढलंही. "घाबरू नका मॅडम, लोकं इतकं ऐकत नाहीत," म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता. कोणी ऐकलं, कुठवर ऐकलं, हे मला कळायचा मार्गच राहिला नव्हता.

काल ती पोरगी शाळेत आली नाही. हजेरी घेताना तिचं नाव मी दोनदा पुकारलं. शाळा सुटली आणि मी छत्री घेतली. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. पण रिकाम्या हातांनी मला निघवेना.

माझ्या वर्गात पोरं आहेत तरी किती! एका संध्याकाळी सगळी घरं होतात. पहिल्या घरी आई म्हणाली, "काल ग्रुपवरचं काईतरी काढून टाकलं ना मॅडम? आमचं नेटच सपलं होतं." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पुढच्या घरी मात्र आजोबा खाटेवर बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "कोन्या पोरीले फिट येते मनून रायल्या होत्या तुमी?" मी म्हणाले, "काका, तुमच्या नातवाला वीसपर्यंत येतं. ऐकायचं का?" नातू छाती काढून उभा राहिला, चौदा खाऊन वीसवर पोचला, आणि आजोबा कौतुकानं आपला प्रश्न विसरले. निदान मला तरी तसं वाटलं. मी निघाल्यावर आठवला असेल तर देव जाणे.

त्या पोरीचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं. अंगणात झेंडूचा ढीग होता, महालक्ष्म्यांसाठी अकोल्याच्या बाजारात जायचा. तिची आई ओली, काळी पडलेली फुलं वेगळी काढत होती. पोरगी ढिगापलीकडे बसून फुलं मांडत होती, एक, दोन, तीन म्हणत. आईनं मान वर केली नाही.

"बसू नोका मॅडम. कपडे भरतीन."

मी बसले. ढिगातलं एक फूल उचललं.

"सगळ्याइपुढे बोलल्या तुमी," ती म्हणाली. "तिच्या बापानं अथीच बसून मोबाइल लावला. सासू होती, जाऊ होती, फुलं न्यायले आलेला टेम्पोवाला होता. सगळ्याइनं ऐकलं."

"माझं चुकलं, ताई."

"चुकलं तुमचं अन् भोगीन मायी पोरगी. आता नाई पाठवत मी तिले. तिचा मामा हाय अकोटले, तथी नाव टाकीन. तिले काई नाई झालं. ध्यान नाई तिचं, बस."

तिला मामाकडे पाठवतील, तिथे कोणी काही बोलणार नाही, डॉक्टर राहील बाजूला, आणि एक दिवस विहिरीशी नाहीतर चुलीशी ती अशीच थांबेल. एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. आणि तेवढ्यात पलीकडचं मोजणं थांबलं. सहावर. आम्ही दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. पोरीचा हात फुलासकट वर राहिला होता, नजर कशावरच नव्हती. मग ती "सात" म्हणाली आणि फूल खाली ठेवलं.

आईचे हात थांबले होते. माझे मी चालू ठेवले. आणि फुलांकडे पाहतच म्हणाले, "मले बी होत होतं हे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी गावात कोणाशी वऱ्हाडीत बोलले नव्हते. तोंडातून ते तसंच आलं.

"कवा?"

"हिच्याएवढी असतानी. अकोल्याले दाखवलं, गोया घेतल्या. गेलं."

"पार गेलं?"

"पार."

तिनं चार-दोन फुलं निवडली. मग विचारलं, "तुमच्या घरच्याइले मालूम हाय?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती आता सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मोबाइलवर जे दिसत नाही ते सगळं दिसत होतं.

"नाई," मी म्हणाले.

आतून सासूनं हाक मारली, तिनं ओ दिली नाही. मग म्हणाली, "मले अकोल्यातलं काई समजत नाई. दवाखाना कुठी, का विचाराचं." मी म्हटलं, मी येते सोबत, सोमवारी, रजा टाकते. तिनं मान हलवली. आमचं तेवढंच ठरलं. उठताना माझ्या साडीला पाकळ्या चिकटल्या होत्या त्या झटकल्या, दोन पावलं गेले, आणि परत फिरले. बाई, आईच्या तोंडचं वाक्य माझ्या तोंडात कसं आलं मला कळलं नाही. मी म्हणाले, "कोनाले सांगू नोका."

"मी ग्रुपवर नाई टाकत, मॅडम," ती म्हणाली. हसली की नाही ते दिसलं नाही, तोंड फुलांकडे होतं.

आज पोरगी शाळेत आली आहे. सकाळी गाण्याला दोन ओळी मागे राहिली, मी सगळ्यांना थांबवलं आणि तिच्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. भीती मात्र गेलेली नाही. सोमवारी डॉक्टर काय सांगतील याची आहे, आजोबांना प्रश्न आठवेल याची आहे, आणि उद्या शनिवार आहे याची सगळ्यात जास्त आहे. उद्या घरी सांगावं असं आत्ता इथे बसून वाटतं. बस परतवाड्याच्या पुढे गेली की वाटणार नाही, मी स्वतःला चांगली ओळखते.

घंटा होईल आता. हे लिहिलेलं फाडून शाळेमागच्या कचऱ्यात जाळणार आहे. तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून जाळत असते तर बरं वाटलं असतं. पर्समध्ये राहिलं तर नवरा वाचेल, म्हणून जाळते आहे.