बर्थाबायची फेरी

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

नोकरी लागली! बारावीत दोनदा आपटलेल्या सुमेधला! पप्पा बोलले, लोकांना गल्लीतून फिरवणं ही काय नोकरी आहे? पण शर्टाला इस्त्री त्यांनीच करून दिली. सुरुची बोलली, दादा, तू थापा मारणार आणि लोक ऐकणार, तुझं तर सोनंच झालं. बहीण नाय, कैदाशीण आहे.

काम असं. गास गावात जुन्या मोठ्या बंगल्यांची एक आळी आहे. लुईस अंकल तिथलेच. रविवारी मुंबईचे हौशी लोक येतात, त्यांना अंकल पायी फिरवून बंगले दाखवायचे. आता गुडघे गेले, म्हणून मी. बंगले पण काय एकेक! सागवानी जिने, रंगीत काचा, आमचा चंदनसारचा अख्खा फ्लॅट मावेल एवढे ओटे. प्रत्येकाच्या मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं.

अंकलचा एक नियम आहे. फाटकात थांबून आधी घरच्या वारलेल्या माणसाला नावाने हाक मारायची, 'येऊ का?' विचारायचं, मगच त्या घराबद्दल तोंड उघडायचं. त्यांच्याच दारात त्यांच्याबद्दल बोलणार, तर त्यांनी ऐकायला नको? असं अंकल बोलले. मी हो हो केलं. हसू दाबून पोट दुखलं.

रविवार, १५ नोव्हेंबर

सागवान, काचा, परत सागवान, परत काचा. पब्लिक जांभया देतं. एक काका तर माझ्यासमोर संत्रं सोलत बसले.

शेवटचा बंगला बर्थाबायचा, रिकामा. तिथे अंकलने सांगितलंय एवढंच बोलायचं की सासू-सून इथे बुडाल्या, आणि पुढे जायचं. म्हटलं, एवढा मसाला वाया घालवायचा? मी बायकी आवाज काढून हाक मारली, 'बर्थाबाऽऽय, येऊ का गंऽऽ?' आणि दिली थाप सोडून. हिने सुनेला, ॲनीला, बावखलात ढकललं. का? तर सुनेचे वडे हिच्यापेक्षा जास्त फुगायचे! मग स्वतः पण पाय घसरून गेली, देवाने बघून घेतलं. तेवढ्यात मी केळीत लपवलेल्या माझ्या दोस्ताने, परेशने, पाण्यात धोंडा टाकला. एक बाई किंचाळून भलत्याच माणसाला बिलगली. संत्रेवाले काका पळाले.

परेश आणि मी हसून हसून आडवे.

रविवार, २२ नोव्हेंबर

हाऊसफुल! सगळे बर्थाबायसाठी. तिच्यावर अजून चार गोष्टी चढवल्या. सुनेला उपाशी ठेवायची, पाय डागायची.

घोळक्याच्या मागे एक म्हातारी होती. लाल लुगडं, अनवाणी, मान कलती करून ऐकत होती. सगळे हसले, ती नाही. ती गेली, आणि उभी होती तिथे ओटा ओला झाला होता. परेशला विचारलं तर तो बोलला, कुठली म्हातारी? माझीच गंमत करतो काय!

रविवार, २९ नोव्हेंबर

आज म्हातारी पुढे उभी होती. अगदी माझ्यासमोर. तोंडाला शेवाळाचा वास. मी गोष्ट अर्धी सोडली.

आणि अंकलना कळलं. बाजारात कुणीतरी त्यांना तोंडावर विचारलं, तुमची आजी खुनी होती ना? ओरडले नाहीत ते. बोलले, ॲनी माझी आई. धुणं धुताना घसरली. बर्थाबायला पोहता येत नव्हतं, तरी उडी टाकली. वर काढलं तेव्हा आजीच्या मुठीत आईचं मनगट होतं, बोटं सुटेनात. दोघींना एकाच पेटीत पुरलं. त्या हाताला तू ढकलणारा केलास.

मी सॉरी बोललो. ते बोलले, मला काय बोलतोस? तिला हाक मारून, तिच्या दारात, तिला ऐकवलंस तू. चालता हो.

तिच्या फाटकात जाऊन सॉरी बोलायला लाज वाटली. गेलो नाही.

रविवार, ६ डिसेंबर

सकाळी खालून हाक आली. 'सुमेऽऽध, येऊ का रेऽऽ?' माझाच तो बायकी आवाज.

गेटात लाल लुगडं. तिच्या मागे माणसांचा घोळका, सगळे ओलेचिंब, शांत. ती आमच्या तिसऱ्या मजल्याकडे बोट करून सांगत होती, ह्या घरातल्या पोराने बहिणीला गॅलरीतून ढकललं.

ढकललं, बोलली. जसं काय झालंयच.

सगळ्यांनी माना वर केल्या. सुरुची गॅलरीत केस विंचरत होती. जाळी लावायची राहिलीय अजून. तिला खाली कोणी दिसलं नाही.

बुधवार, ९ डिसेंबर

तळमजल्याच्या पुतळाबाईंनी मम्मीला विचारलं, पोरगा बहिणीवर हात उचलतो काय हो? टँकरच्या लाईनीत मी गेलो की सगळे गप्प.

मी तिला कधी चापट पण मारली नाही.

शुक्रवार, ११ डिसेंबर

गेलो तिच्या फाटकात. नीट हाक मारली. रडलो. आतून काही नाही, पाणी पण हललं नाही.

अंकल त्यांच्या खिडकीतून बोलले, घरी नाही ती. लोकांना फिरवायला गेलीय.

रविवार, १३ डिसेंबर

मम्मी-पप्पा कामणला लग्नाला. ती आलीय. माणसं जास्त आहेत.

आतल्या खोलीतून गॅलरीत जायचं दार खिळे मारून बंद केलं. बाहेरून कडी फक्त त्याच खोलीला, म्हणून सुरुचीला तिथेच कोंडलं. ती शिव्या घालतेय, दारावर लाथा मारतेय, ओरडतेय की दादाला वेड लागलंय, वाचवा.

खाली बिल्डिंगवाले जमलेत. पुतळाबाई पण. ओले आणि सुके, सगळे एकत्र उभे.

लिहून ठेवतो. नंतर कोणी काही बोललं तर हे वाचा. मी तिला—

खिळे निघाल्याचा आवाज. सुरुची गॅलरीत गेली. बाजूच्या दिपिकाला हाका मारतेय, तिच्या गॅलरीत उतरणार आहे, मला घाबरून. मला.

कडी काढली. ती कठड्याच्या पलीकडे, एका हाताने धरून. मला बघून अजून मागे सरकतेय—

खालून बर्थाबाय सांगतेय, बघा हां, आता तो हात पुढे करेल—

नाही केला तर ती पडेल. केला तर—

बोटं सुटतायत. सुरुची, माझा हात धर, मी ढकल—